उतरंडीच्या डोंगरावर राहिलेली केराबाई

…तर टिकली मेंढी दुसऱ्यांदा परत आली, इथं काल मी थांबलो होतो. सकाळी उठून बघतो तर मेंढरांच्या जाळीला बाहेरून नाक लावून उभी. अंगाला कुसळं चिकटलेली, एका कानाला काटा लागून रक्त सुकलेलं, आणि तोंड असं शांत, जणू ओढ्यावर पाणी पिऊन आत्ता आली. तेवढ्यात सिद्धम्मानं तिला पाहिलं. डोक्यावरची घागर खाली टेकवली आणि कपाळावर हात मारून ओरडली, "आली गं बाई! पुन्ना आली! आता खिंड बंद व्हायची बगा!"

काल जे नव्हते त्यांना ह्या ओरडण्यातलं काही कळायचं नाही, म्हणून जरा मागं जातो. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाला मागं जायची सवय असतेच. एखादं कोकरू राहिलेलं असतंच की.

आमची बोळकेवाडी सोलापूर जिल्ह्याच्या पार नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. सोलापूरला लोकर घेऊन बैलगाडीनं निघालं तर वाटेत दोन ठिकाणी भाकरी सोडावी लागायची, इतकी लांब. वाडीच्या पाठीशी डोंगराची रांग आहे, तिचं नाव उतरंड. घरात मडक्यांची उतरंड असते ना, मोठं खाली, लहान वर, तीच कुणी आडवी निजवली तर जशी दिसेल तशी. उगवतीला सगळ्यात थोरला तो डेरा. मग घागर, मग मडकं, मग गाडगं, आणि आमच्या डोक्यावर मावळतीला अगदी एवढंसं बोळकं. अलीकडच्या अंगाला नुसता मुरूम, कुसळी गवत आणि तरवडाची झुडपं. पाऊस पलीकडं पडतो, आम्हाला त्याचा वास येतो. मडकं आणि गाडगं यांच्यामध्ये खिंड. खिंड उतरली की काळीभोर जमीन आणि कानडी मुलूख.

ही उतरंड तिथं आली कशी, तेही सांगतो. उतरंडाई म्हणून एक सासुरवाशीण होती. सात जावांच्या घरात पाणी भरायची एकटीनं. एक दिवस पाच भांडी डोक्यावर चढवून विहिरीला म्हणून जी निघाली ती विहीर ओलांडून गेली, शीव ओलांडून गेली, माहेराच्या वाटेला लागली. आमच्या माळावर आली तेव्हा पाय उचलेनात. म्हणाली, "जरा टेकते." भांडी आडवी झाली, बाई खाली बसली, ती अजून उठलेली नाही. म्हणून आमच्यात कुठल्याही संकटात त्या आईला 'धाव' म्हणत नाहीत. "आई, बसल्या बसल्या बग" एवढंच म्हणतात. दमलेल्या बाईला पुन्हा धावायला कोण लावणार!

माझ्या तरुणपणी त्या माळावर काय नव्हतं! काळविटांचे कळप असे चरायचे की लांबून वाटावं कुणाची तरी शेरडं सुटलीत. खोकड, तरस, घोरपडी. दगड उचलला की खाली फुरसं. आणि हूम. शिकलेली माणसं त्या पक्ष्याला माळढोक म्हणतात. पावसाच्या तोंडाला तो गळा फुगवून असा घुमतो की पोटात कळतं. आमच्यातली जाणती म्हणायची, वारा आईला जगाच्या गोष्टी सांगतो आणि आई 'हूं' म्हणते, तोच हा आवाज.

लांडग्याला मात्र उतरंडीखाली कुणी लांडगा म्हणायचं नाही. तो आईचा कारभारी. आईचा वसूल गोळा करणारा. कळपातलं कोकरू त्यानं उचललं तर बोंब मारायची, काठी आपटायची, पण डोंगराच्या पायथ्याच्या दगडापुढं त्याच्या मागं जायचं नाही. म्हणूनच आमच्या वाडीतल्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणत नाहीत, मालक म्हणतात. मंगळवेढ्याकडची एक नवी सून आली होती, तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. नवरा बाजारातून येताना दिसला तसं तिनं आपलं लाजत लाजत ओरडून सांगितलं, "कारभारी आलं, कारभारी आलं!" निम्मी वाडी काठ्या घेऊन धावली. बिचारा हातात गुळाची ढेप घेऊन बाभळीवर चढला होता.

असो. दसरा झाला की आमची मेंढरं खिंड उतरून कानडी मुलखात जायची ती ज्येष्ठाला परत यायची. ह्या फिरत्या तळाला आम्ही वाडा म्हणतो. दगडी वाडा नव्हे. घोड्यावर लादलेला संसार, जाळी, कुत्री, कोंबड्या, पोरं, सगळं मिळून वाडा. आणि वाडा खिंडीतून जाण्याआधी आईला एक मेंढी सोडायची रीत. मेंढी काळीच हवी, कपाळावर पांढरा ठिपका हवा, आणि ज्या घराची पाळी त्या घरचीच हवी. घागरीच्या डोंगरावर आईचा तांदळा आहे, बिनघडीव दगडाचा, त्याच्यासमोर भंडारा उधळून तिला सोडायचं आणि मागं न बघता उतरायचं. मेंढी परत आली नाही म्हणजे आईनं घेतली, वाट मोकळी. एकदा परत आली तर चुकली असेल म्हणायचं. दुसऱ्यांदा आली तर आई विचार करतेय म्हणायचं. तिसऱ्यांदा आली तर आईची ना. त्या साली खिंड बंद. असं कधी झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण सोडलेली मेंढी कारभाऱ्यांच्या तावडीतून एकदासुद्धा परत यायची नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. आमच्या माळावर त्या साली पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. पोळ्यालाच गवत संपलं. मेंढरं बाभळीच्या शेंगा खाऊन राहिली, मग शेंगाही संपल्या, मग एकमेकांची लोकर उपटून खायला लागली. मेंढरू दुसऱ्याच्या अंगावरची लोकर चघळायला लागलं की धनगर मेंढरं मोजायला लागतो. पुढं काय ते त्याला ठाऊक असतं.

आणि त्या साली पाळी आली धुळातात्याच्या घरावर. धुळातात्या माझा चुलता. त्याची बायको केराबाई, माझी काकी. तिच्याबद्दलच सगळं चाललंय.

काकी वाटेवर जन्मली, वाटेवर वाढली, आणि लग्नही वाटेवरच, एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात. बाळंतीण झाली की वाडा एक दिवस थांबायचा अशी आमची पद्धत. तिच्या तिन्ही बाळंतपणांना तो एकेकच दिवस थांबला आणि दुसऱ्या दिवशी ही बाई लेकरू पाटीत घालून घोड्यामागं चालायला लागली. अंगानं उंच, काटक, पुढं वाकून चालायची, जणू समोरून वारा आहे. बोलणं कमी, पण जे बोलायची ते बाभळीच्या काट्यासारखं, आत मोडून राहायचं.

टिकली जन्मली त्याच दिवशी तिची आई फुरसं चावून मेली. काकीनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून ते पिल्लू वाढवलं, घोंगडीत घेऊन निजवलं. ते मेंढीसारखं वाढलंच नाही. कळप एकीकडं, ही काकीच्या मागं. काकी पाण्याला गेली तर मेंढी पाण्याला, काकी चुलीपुढं तर मेंढी चुलीपुढं. तात्याच्या कळपात कपाळावर ठिपका असलेली मेंढी त्या साली ती एकच. मग दुसरी कुठून आणणार? दिली.

आणि ती परत आली. पहिल्यांदा आली तेव्हा सगळे हसले. मग गुंडाआबा, म्हणजे धुळातात्याचा थोरला भाऊ, वाड्याचा मुखत्यार आणि आईचा पुजारीही तोच, स्वतः तिला पार डेऱ्याच्या डोंगरावर सोडून आला. तिथून आली ती ही दुसरी वेळ.

सगळी वाडी जाळीपाशी गोळा झाली. टिकलीला मधे कुणी विचारतच नव्हतं. ती काकीच्या लुगड्याचा पदर चघळत उभी.

सिद्धम्मा म्हणजे गुंडाआबाची बायको, काकीची थोरली जाऊ. कानडी मुलखातली. तिची जीभ दोन भाषांत धार लावलेली. ती म्हणाली, "हातानं सोडून काय उपेग? हिनं कासरा सोडला, माया कुटं सोडली? मनानं सोडाय लागतंय. आई काय आंधळी हाय का?"

"मनानं कसं सोडत्यात ते तुमी दावा की एकदा," काकी म्हणाली. "तुमी आजून मला सांडल्याल्या हुलग्याच्या पोत्यावरनं बोलतासा. त्याला धा वरसं झाली."

लोक हसले, पण ते हसणं कोरडं होतं. जाळीत मेंढरं खोकत होती. गुंडाआबा दगडावर बसून भुईवर काठीनं रेघा मारत होता. शेवटी म्हणाला, "आता एकडाव. आता आली तर खिंड न्हाय. हितंच ऱ्हायाचं. मेंढरं जगली तर जगली."

मेंढरं जगणार नव्हती. लहान पोरालाही ते दिसत होतं. आणि मेंढरं मेली की वाडी काकीच्या तोंडाकडं बघणार, तेही दिसत होतं.

आता आणखी एक रीत सांगायला हवी. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. काकीला आबाला काही सांगायचं असलं की ती घोड्याला सांगायची. त्या दिवशीही पदर पुढं ओढून ती घोड्यापाशी गेली.

"घोड्या, त्यास्नी ईचार, मेंढी खाली येऊ ने, एवडंच हाय न्हवं?"

आबानं मान वर केली आणि घोड्याकडं बघून उत्तर दिलं, "तिला सांग, व्हय. एवडंच."

"मग बाईमानसानं वर ऱ्हाऊ ने, आसं काय हाय का?"

आबाच्या काठीची रेघ मधेच थांबली. घोडं दोन्हीकडं कान हलवत होतं, मधला माणूस मान हलवतो तसं. मग आबा म्हणाला, "न्हाय. तसं कुनी ठरवल्यालं न्हाय. इतकं येडं आजपातूर कुनी निगालंच न्हाय, तर ठरवनार कोन?"

"मग मी ऱ्हाते वर. मी वर आसले की ही खाली येत न्हाय. तुमी निगा."

"आगं ए!" सिद्धम्माच्या तोंडातलं सगळं विष उतरलं. तिनं काकीचा दंड धरला. "कारभारी खातील की तुला!"

"खाऊंद्यात. चालून चालून निसती हाडकं ऱ्हायल्यात. त्यांचंच दात पडतील."

ह्या सगळ्यात धुळातात्या कुठं होता, असं कुणीतरी विचारणारच. तिथंच होता. हातात लगाम धरून, घोड्याच्या पलीकडच्या अंगाला. तात्या गरीब माणूस. थोरल्या भावाच्या शब्दापुढं त्याचा शब्द कधी गेला नव्हता. वाड्याला पुरुष कमी होते. तो मागं राहिला असता तर निम्मी मेंढरं हाकायला माणूस नव्हता, हेही खरंच.

काकी आणि टिकली वर गेली. एक शेळी दिली बरोबर, पीठ दिलं, थोडी ज्वारी आणि लहान जातं दिलं, विळा दिला. मेंढी दिसली नाही तसे आबानं पाच दिवस मोजले आणि सांगितलं, आईनं घेतली. सगळ्यांना माहीत होतं मेंढी कुठं आहे ते. खिंडीतून बघितलं तर घागरीच्या उतारावर काळा ठिपका दिसला असता. पण बघायचं नसतं, अशी रीतच आहे, आणि त्या वर्षी ती रीत सगळ्यांना फार सोयीची पडली. वाडा निघाला. तात्या आदल्या दिवशी वर जाऊन काकीला भेटून आला. मी पीठ घेऊन त्याच्यासोबत होतो. तात्या उभा राहिला, नाक चोळलं, इकडंतिकडं बघितलं.

"पीठ हाय न्हवं?"

"हाय."

"मग… निगतो."

"निगा."

एवढंच. दुसऱ्या दिवशी आबानं खिंडीच्या तोंडाशी "चला रं" म्हणून हाक दिली आणि तात्या सगळ्यांबरोबर मान खाली घालून उतरून गेला.

मी मागं राहिलो होतो. आदल्या दिवशी वरून उतरताना पायात बाभळीचा काटा मोडून रातोरात पाय भोपळ्याएवढा सुजला होता, म्हणून मला वाडीत म्हाताऱ्यांजवळ ठेवलं. सूज उतरल्यावर मी बाजाराच्या दिवशी काकीला पीठमीठ पोचवायला जायचो. म्हणून ह्यातलं पुढचं मी ऐकीव सांगत नाही.

पहिल्या खेपेला गेलो तर काकी उन्हं डोक्यावर आली तरी निजलेली. तांदळ्याच्या आडोशाला दगडांचा गुडघाभर गोठा रचलेला, वर घोंगडी, भोवती बोरीच्या काट्यांची वई. मला वाटलं बाई आजारी आहे. हाक मारली तसा एक डोळा उघडला.

"मास्तर आलं व्हय?" मी गावच्या शाळेत चार बुकं शिकलो होतो, म्हणून ती मला मास्तर म्हणायची. "पीठ ठिव तितं. मी जरा आजून पडते."

"बरं न्हाय का काकी?"

"बरं हाय की. निसती झोप येतीया. लगीन झाल्यापास्नं ऊन वर येईस्तवर झोपल्याचं हे पयलंच. चालताना दमल्यालं कळत न्हाय रं. बसल्यावर समदं एकदम भायेर आलं. पोरं झाली तवाचं, त्याच्या मागचं, आईच्या घरचंसुदिक." आणि डोळा मिटला.

महिनाभर ती नुसती निजून होती म्हणा ना. उठायची, भाकरी भाजायची, मेंढी आणि शेळी चारायची, टकळीवर लोकर कातायची, निजायची. डोंगराच्या अंगावर अजून थोडं गवत होतं, वर कुणी मेंढरं नेत नसल्यामुळं. दोन जनावरांना पुरे.

मी विचारलं, "कारभारी येत्यात का?"

"येत्यात की. त्या समोरच्या खडकावर बसत्यात. तुज्या आबागत. बोलत न्हाईत, निसतं बगत्यात."

"मग तू काय करतीस?"

ह्यावर तिनं जी हकीगत सांगितली ती मी पुढं कित्येकांना सांगितली, कुणाला खरी वाटली नाही. दुपारची वेळ. काकी वईच्या बाहेर बोरीच्या सावलीला पडली होती. पाठीला काहीतरी ढोसतंय म्हणून जागी झाली, तर टिकली तिच्या पाठीत डोकं खुपसून थरथरतेय, आणि समोर, काठी पोचेल इतक्या जवळ, कारभारी उभा. काठी पायाशी पडलेली. "मला उटायला पायजे हुतं," काकी म्हणाली, "पर आंग उचलंचना. मनलं, ह्यो खातोय तर खाऊंदे, पर आता मी उटत न्हाय. त्येला मनलं, बसा. आनि घोंगडं तोंडावर वडून घेतलं."

"मग?"

"मग काय. जाग आली तवा गेल्याला. त्येला बी कुनी बसा म्हनलं नसंल आजपातूर. लाजला आसंल."

मला एक शंका होती. ती मी विचारलीच. "काकी, मेंढी आईला सोडल्याली. कारभारी आईचा. तू आडवी पडतीस, ह्यात आईला फसवल्यागत न्हाय का झालं?"

तिनं टकळी थांबवली. "आईला दिलीया. आईनं नेली तर मी वडून धरनार न्हाय. मरंल एक दिवस, साप चावंल, नेईल. पर कारभाऱ्याला मी ताट वाडून देनार न्हाय. आई सोता सासरचं ताट टाकून आलीया. तिला कळतंय."

माघात बाजारात बोलवा उठली. उतरंडाईच एका बाईच्या अंगात उतरून डोंगरावर बसलीय, लांडगे पायाशी बसतात, काळवीट हातातून पाला खातात. बायका नारळ घेऊन वर चढायला लागल्या. लांबलांबच्या. एकजण पायांवर पडली तशी काकी खेकसली, "आगं ऊट, मी बोळकेवाडीची केरा हाय. आई तकडं दगडात हाय, तिच्या पाया पड. आनि जाताना तेवडं पीठ दळून दिऊन जा, जात्यावर बसून माजी कंबर गेलीया." बाईनं खरोखरच दळून दिलं आणि खाली जाऊन सांगितलं की देवीनं माझ्याकडून सेवा घेतली. काकीला ह्याचा इतका कंटाळा आला की पुढं पुढं कुणी चढताना दिसलं की ती टिकलीला घेऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसायची. तिथून खाली कानडी मुलूख दिसायचा. काळी जमीन, मधेच हिरवा पट्टा. आपला वाडा कुठल्या शेतात बसलाय ते ह्या उंचीवरून कळणं शक्य नव्हतं. तरी ती बघायची. मी दोनदा पाहिलं तिला तशी बसलेली. हाक न मारता पीठ ठेवून आलो.

चैत्रात पाणी तुटलं. घागरीच्या कुशीत एक झरा आहे, त्याला आईची चूळ म्हणतात. तो वाटीवाटीनं यायला लागला. काकी पहाटे जाऊन बसायची. वाटी भरली की मडक्यात ओतायची. समोर काळविटाच्या दोन माद्या थांबून असायच्या. काकी उठून बाजूला झाली की त्या यायच्या. ती वाळली होती आता फार. गालाची हाडं वर आलेली, लुगड्याला गाठी. झोपून झोपून आलेलं तेज उन्हानं पुसून नेलं होतं. मी म्हणालो, "काकी, चल खाली. वाडा गेला, मेंढरं वाचली. आता ही खाली आली तर कोन बगतंय?"

"सिद्धम्मा बगती," ती म्हणाली. सिद्धम्मा तेव्हा कितीतरी कोस लांब होती, पण काकीचं बरोबर होतं. वाडा परत यायच्या आधी मेंढी खाली दिसली आणि वाटेत एक कोकरू जरी दगावलं, तरी ते कुणाच्या माथी बसलं असतं हे मला शिकवायची गरज नव्हती.

ज्येष्ठ लागला, वळीव पडून गेला, माळावर हूम घुमायला लागला, आणि एक दिवस खिंडीतून घंटा वाजल्या. वाडा आला! मेंढरं अशी आली की ओळखू येईनात, अंगानं भरलेली, मागं कोकरांची रांग. कानडी मुलखात चन्नवीर म्हणून एक शेतकरी होता, दर साल आमची मेंढरं खतासाठी आपल्या रानात बसवायचा. वाडा पोचला तेव्हा त्यानं सगळी माणसं नजरेनं मोजून पहिलं काय विचारलं असेल तर, "केराबाई एल्ली?" कुठाय म्हणून. तात्यानं डोंगराकडं बोट केलं. चन्नवीर डोंगराकडं बघत राहिला, मग तात्याकडं बघत राहिला, आणि त्या दिवसापासून ज्येष्ठापर्यंत तात्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला. हे मला सिद्धम्मानंच सांगितलं, आणि सांगताना डोळ्याला पदर लावला. माणसाचं काही सांगता येत नाही.

वाडीत संध्याकाळी विचार सुरू झाला. काकीला आणायचं, पण मेंढी? सोडलेली मेंढी जिवंत राहिली तर काय करायचं ह्याची रीतच नव्हती. गुंडाआबा म्हणाला, "बाईला आन. मेंढी तितंच ठिव."

"कशी ठिवू?" तात्यानं विचारलं.

"बांद."

"सोडल्याली बांदायची व्हय?"

आबानं भुईवर काठीनं रेघ मारली. "ते तुजं तू बग."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. टिकली खाली आली नाही. म्हातारी होऊन वरच मेली, अंथरुणात मेल्यासारखी, काकीच्या घोंगडीवर. तोवर काकी वरच राहिली आणि तात्याही वर. पोरांनी मेंढरं सांभाळली. टिकलीला माती देऊन दोघं खाली आली आणि तेव्हापासून आमच्यात बोळ्यानं पाजलेलं कोकरू आईला सोडत नाहीत. ही रीत आबानं घातली. काकी पुढं पुष्कळ जगली. मेंढरामागं मात्र कधी गेली नाही. दारात बसून नातसुनांना बोलायची.

पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या दिवसाचं. तात्या आणि मी वर गेलो. वईच्या तोंडाशी काकी टकळी फिरवत बसलेली, टिकली बाजूला रवंथ करत. काकीनं वर बघितलं आणि पुन्हा लोकरीकडं बघितलं. तात्या उभाच. मग आपला सांगायला लागला, मेंढरं चांगली आहेत, धाकट्या सुनेला मुलगा झाला, वाडा एक दिवस थांबला होता, चन्नवीरानं तुझ्यासाठी लुगडं दिलंय. काकी ऐकत होती. टकळी फिरत होती. तात्याचं सांगणं संपलं तसा तो नाक चोळायला लागला.

"चल की घरला," तो म्हणाला.

काकीनं टिकलीकडं मान वळवली.

"येऊंदे तिला मागनं," तात्या म्हणाला. "दादा काय म्हनल ते म्हनल. मी बगतो." तात्याच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानंही ऐकलं नव्हतं बहुतेक. म्हणून झाल्यावर घाबरून खिंडीकडं बघितलं त्यानं.

काकीनं धागा तोडला, टकळी मांडीवर ठेवली, आणि म्हणाली:

"मालक, ही मेंढी मला सोडंना, तर समद्या वाडीनं तिला नावं ठिवली. तुमी थोरल्यांच्या एका हाकंत मला सोडून खिंड उतरलासा, तुमास्नी कुनी कायसुदिक म्हनलं न्हाय. आता आलायसा तर बसा. पाय दुकत आसतील. घरला जायाचं का न्हाय ते उन्हं कलल्यावर बगू."